ताम्राच्या हातावरचा डाग

ता. १७, रविवार, सकाळी साडेदहा. आपल्या मराठी मंडळाचं सभागृह. हजर एकेचाळीस.

हजेरी मीच घेतली, कुंदा. चिटणीस मी आहे आणि रजिस्टर माझ्याच पिशवीत असतं. पहिल्या रांगेत कार्यकारिणीचे सात जण. पोलाद कारखान्यातल्या तुझ्या मिलमधले सहा इलेक्ट्रिशियन, ड्यूटीच्या बुटांतच आलेले. खुर्च्या रिकाम्या होत्या, मी दोनदा सांगितलं, तरी मागे भिंतीला टेकून उभेच राहिले. खुर्सीपारहून तुझ्या दोन्ही वहिन्या आणि तुझ्या गल्लीतल्या नऊ बायका. रायपूरहून तुझी लेक प्राची. नंदिनी नगरची तुझी ती मैत्रीण, जिच्याशी तू तीन वर्षं बोलत नव्हतीस. सगळ्यात जास्त तीच रडली. नानासाहेब, मंडळाचे अध्यक्ष आणि वार्षिक अंकाचे संपादक, अकरा मिनिटं उशिरा. शोकसभेच्या हजेरीत कोणी वेळ लिहीत नाही. मी लिहिली.

माइक तीनदा किंचाळला. कुठलं बटण फिरवायचं ते एकालाही माहीत नव्हतं. बावीस वर्षं गणपती, कोजागिरी, आंबेडकर जयंती, व्याख्यानं, सगळ्यांना "कुंदाताई, जरा माइक बघा" एवढंच माहीत होतं. चौथ्यांदा किंचाळला तेव्हा भिंतीशी उभा असलेला तुझा एक पोरगेला सहकारी पुढे आला, वायर काढून उलटी लावली आणि परत भिंतीशी गेला. मला वाटलं, तू ते मुद्दाम करून ठेवलं होतंस. तसं असेल तर शाबास.

मग नानासाहेब बोलले. तुझ्या हातच्या सांबारवडीबद्दल बोलले. तू पडद्यामागे राहून काम केलंस हे दोनदा बोलले. आणि म्हणाले, "मी त्यांना सतत सांगत असे, लिहा, कुंदाताई, लिहा. त्यांचा एक लेख अपुरा राहिला. मी त्यावर जरा हात फिरवून पुढच्या अंकात श्रद्धांजली म्हणून देणार आहे."

हात फिरवून. मी तुझ्या फोटोकडे पाहिलं नाही. पर्समध्ये घडी करून ठेवलेला कागद आहे ना, एवढं चाचपून पाहिलं.

त्या कागदाचं सांगते. आधी बाकीचं क्रमानं सांगते, कारण हे वाचणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांना ताम्रा कोण तेच माहीत नाही.

आपण अकरा वर्षांच्या होतो. कॅम्प-एकच्या बाजारात, सायकलच्या दुकानाला लागून, भाड्यानं पुस्तकं देणारा बसायचा. बाकावर बसून वाचलं तर एका पुस्तकावर दोन पोरी चालायच्या. तू मला तिथे भेटलीस, कारण ताम्राच्या कॉमिकचा नवा अंक एकच होता आणि आपण दोघींनी तो एकदम धरला. ताम्रा अंतराळयान चालवायची. कमांडर हुकूम द्यायचा, चौघे शूर लोक ग्रहावर उतरायचे आणि दर अंकात कमांडर म्हणायचा, "ताम्रा, तुम यान में रुको." शेवटच्या पानावर सगळे अडचणीत सापडले की ती यान घेऊन यायची. मधली वीस पानं ती कुठेच नसायची.

मी फुग्यांतलं वाचायची. तू चित्रं पाहायचीस. मी पान उलटायला जायची आणि तू त्यावर कोपर ठेवायचीस.

"थांब नं. मी हात पाहून राहिली तिचा."

"हातात काय आहे?"

"डाग आहे. डाव्या हातावर. मागच्या अंकातही होता."

"छपाईचा डाग आहे तो."

"छपाईचा डाग दोन्ही अंकात एकाच जागी कावून येईन?"

मी म्हटलं, येतो. मला छपाईतलं काही कळत नव्हतं, पण मी सेक्टरमधल्या कारखान्याच्या क्वार्टरमधली होते, वडील ऑफिसात कारकून, आणि तू खुर्सीपारच्या मजूर वस्तीतली. तेव्हा माझं बोलणं शेवटचं असायचं. हे मी आज लिहिते आहे. तू असताना एकदाही म्हटलं नाही.

मागच्या वर्षी प्राचीनं तुला ते नवं कॉमिक आणून दिलं. जाडजूड, एकशेबारा पानांचं, नव्या पिढीतल्या कोणीतरी लिहिलेलं आणि काढलेलं. सगळं पुस्तक त्या गायब वीस पानांबद्दल: बाकीचे खाली उतरल्यावर ताम्रा यानात काय करते. तू मला स्कूटर थांबवून, रस्त्यातच सांगितलंस. मी म्हटलं, काय गरज आहे? ती यान चालवायची, तेवढं पुरे होतं. आता तिला दुःख देतील, आई देतील, रडवतील. बाईच्या पात्राला खोली द्यायची म्हटलं की सगळ्यांना आधी तिचं रडणंच सुचतं.

"तू वाचलं काय?"

"नाही."

"मंग कायले बोलून राहिली?"

तू अंकासाठी त्याचं परीक्षण लिहिलंस. अकरा कागद, दोन्ही बाजूंनी. नानासाहेबांनीच कार्यकारिणीत सांगितलं होतं की सभासदांनी पुस्तक परीक्षणं द्यावीत, म्हणून. आपण दोघी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी वरचे दोन कागद वाचले, चष्मा काढला.

"कुंदाताई, पुस्तक परीक्षण म्हणजे पुस्तकाचं. हे तर चित्रांचं आहे."

"चित्राचंही पुस्तकच असते नं, सर."

"अर्धं पान देतो. आणि हे मले, तुले काढा. अंक पुण्याला जातो आपला."

"जाऊ द्या पुण्याले. थेही वाचतीन."

ते हसले. पोरांना हसतात तसे. आणि मी काय केलं ते तुला माहीत आहे. मी कपबशा उचलून आत नेऊन ठेवल्या.

फाटकाबाहेर तू विचारलंस, "तू कावून नाही बोलली?"

मी म्हटलं, "नंतर बोलू. उगाच वातावरण बिघडलं असतं."

"वातावरण तुह्या घरचं हाय काय?"

मग तू स्कूटरची डिकी उघडलीस आणि लाल टॅग काढलास. हे न समजणाऱ्यांसाठी: मिलमध्ये एखाद्या लाइनवर काम करायला कोणी आत शिरणार असेल, तर तो आधी स्विच बंद करून त्यावर स्वतःचं लाल कार्ड बांधतो. 'आदमी काम पर है.' ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. दुसऱ्या कोणीही, साहेबानं सुद्धा, त्याला हात लावायचा नाही, कारण आतल्या माणसाचा जीव त्या दोरीवर असतो. तुझ्या कार्डावरचा 'आदमी' तू नोकरीच्या पहिल्याच वर्षी खोडला होतास. त्यावर पेनानं लिहिलं होतंस: कुंदा. 'कुंदा काम पर है.' सुपरवायझर तुझ्यावर ओरडला आणि महिनाभरानं त्यानंच तुला जाड पेन आणून दिलं, लांबून वाचता येत नाही म्हणून.

ते कार्ड तू फाइलच्या दोरीला बांधलंस, दुहेरी गाठ मारून, आणि फाइल मला दिलीस. "मी पायते याचं काय करायचं थे. मी सोडल्याशिवाय कोणाले देजो नको."

मी म्हटलं, बरं.

तीन आठवड्यांनी तू दवाखान्यात गेलीस. प्रेसची तारीख आली. फाइल माझ्या कपाटात, टॅगसकट. मी तुझ्या खाटेशी रोज येत होते, सफरचंद चिरत होते, औषधांच्या वेळा लिहीत होते आणि एकदाही विचारलं नाही की कुंदा, हे असंच्या असं छापायला देऊ का. आजारी माणसाला असलं काय विचारायचं, असं मनात. आणि टॅग होता ना. सव्वीस वर्षं प्लँटच्या स्टोअरमध्ये काढलेली बाई मी, ज्याचं त्यानंच सोडायचं हे मला कोणी शिकवायला नको. दुसऱ्या गावातल्या कुठल्याही बाईनं गाठ कापून कागद प्रेसला दिले असते. मी नियम पाळला. नानासाहेबांनी रिकाम्या जागेत स्वतःचं प्रवासवर्णन टाकलं, चार पानं, फोटोसकट.

अंक तुझ्या हातात मीच दिला. तू पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकेक पान उलटलंस, अंक मिटलास आणि म्हणालीस, "छपाई चांगली झाली."

मी म्हटलं, "तुझा टॅग होता त्यावर."

"हो. बांधला होता खरा." मग म्हणालीस, "तू थे पुस्तक तरी वाच नं. सत्तेचाळिसावं पान पाय."

"तू बरी हो, मग दोघी वाचू."

तू भिंतीकडे कूस वळवलीस. माझ्यावरचा राग तू एवढाच काढलास, आणि तो पुरून उरला आहे.

आता वाचलं आहे. दोनदा. पहिल्यांदा रागानं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. तुझं परीक्षण टॅगखाली आहे आणि त्यात काय आहे ते मला ठाऊक नाही, म्हणून हे माझं, थोडक्यात.

आई दिली आहे, मी म्हटलं होतं तशीच. पण ती मेलेली नाही आणि रडत नाही. ती एका चंद्रावरच्या खाणीत, खाली उतरणाऱ्यांची नावं लिहिते आणि वर आले की खूण करते. ताम्रा तेच शिकली आहे. आईचं एक लांबलचक पत्र मधे घातलं आहे, सात पानं, ते मी दोन पानांत आणलं असतं. कमांडरचा जबडा नको एवढा मोठा काढला आहे. तो वाईट दिसायची गरज नव्हती, तो दर वेळी त्याच सभ्य आवाजात "तुम यान में रुको" म्हणतो, तेवढं पुरतं. वाट पाहण्याचे तास मात्र असे काढलेत की मी पान उलटायला विसरले. चौकटीमागून चौकट, तीच खुर्चीची पाठ, तीच खिडकी, फक्त बाहेरची सावली सरकते. ती रेडिओ दुरुस्त करते. ती झोपते. ती कमांडरची नक्कल करते, एकटीच, आणि हसते. शब्द नाहीत. मी फुगे वाचणारी बाई, मला त्या पानांवर काही वाचायला नव्हतं. मी पाहिलं.

एकतिसाव्या पानावर ती जळती वायर डाव्या हातानं धरते, कारण उजव्या हातात स्टिअरिंग असतं. डाग तिथला आहे. छपाईचा नव्हता. तू बरोबर होतीस, अकराव्या वर्षापासून बरोबर होतीस आणि मी चूक. हे अंकात छापून येईल, नावानिशी.

सत्तेचाळिसावं पान. यानाची आतली भिंत. तिच्यावर ताम्रानं खाली गेलेल्या प्रत्येकाचं नाव खडूनं लिहिलं आहे, वर आलेल्यांपुढे खूण. इतक्या वर्षांची, इतक्या ग्रहांची यादी, छतापर्यंत. एका नावापुढे खूण नाही. ती त्या नावाशी पाठ टेकून बसली आहे, जेवते आहे.

प्राचीला दाखवलं तर ती म्हणाली, "मम्मी बोलायची नं, मावशी. ये तो हमारी सुषमा है, यादी लेके बैठी है."

सुषमा, म्हणजे मी. मला हे तू का नाही सांगितलंस? रस्त्यात स्कूटर थांबवून बाकी सगळं सांगितलंस, हे नाही. मी वाचेन आणि मला आपोआप सापडेल असं वाटलं असेल. तुझाही थोडा राग येतो, लिहून ठेवते.

आणि शेवट. त्याच्यावर तू आणि मी पुस्तक न वाचताच भांडलो होतो, म्हणजे मी न वाचता. शेवटी कमांडर खालून हाका मारतो, यान आण, यान आण, आणि ताम्रा उत्तर देत नाही. एक पूर्ण पान काळं, त्यात नुसते त्याचे फुगे. मग ती यान आणते. मी तुला म्हटलं होतं, ठेवायचा होता त्याला तिथेच.

"आनि बाकीचे चौघं? एकासाठी त्याइले मारू काय?"

"चौघांना घ्यायचं आणि दार लावायचं."

"तू लय खुनशी बाई आहे," तू म्हणालीस. तुला ते आवडलं होतं, मला दिसलं.

तर आता तो कागद. शोकसभेच्या दोन दिवस आधी नानासाहेबांचा फोन आला होता. "सुषमाताई, ती फाइल पाठवून द्या, मी बघून घेतो." मी म्हटलं, बघते. आणि बसून शोकप्रस्ताव लिहिला. शोकप्रस्ताव चिटणीसच लिहिते. चिटणीसच वाचते. सगळे उभे राहतात, दोन मिनिटं स्तब्ध राहतात आणि तो मंजूर होतो. मंडळ स्थापन झाल्यापासून एकाही शोकप्रस्तावाला कोणी विरोध केलेला नाही, दुरुस्ती सुचवलेली नाही. मी जुनी रजिस्टरं काढून खात्री केली.

नानासाहेबांचं भाषण संपलं. ते तुला "कै. कुंदाताई" म्हणाले, मी 'कालकथित' लिहिलं होतं, तुम्हा बौद्धांत म्हणतात तसं, तुझ्या मोठ्या वहिनीला विचारून. माइकपाशी जाऊन मी वाचलं: "कालकथित कुंदा मेश्राम यांच्या निधनाने मंडळाला अतीव दुःख झाले आहे. त्यांनी ताम्रावर लिहिलेला लेख, त्यांनी लिहिला तसाच, त्यांच्याच बोलीत, एकही शब्द न बदलता आणि न गाळता, पुढच्या अंकाच्या पहिल्या पानापासून छापावा, असे ही सभा ठरवते. सर्वांनी दोन मिनिटे उभे राहून हा प्रस्ताव मंजूर करावा."

भिंतीशी असलेले सहा जण आधीच उभे होते. मग तुझ्या वहिन्या, गल्लीतल्या बायका, मग हळूहळू पुढची रांग. नानासाहेब उभे राहिले, मान खाली घालून. दुसरं काय करणार? मी घड्याळ लावून पूर्ण दोन मिनिटं मोजली. एरवी आपण चाळीस सेकंदांत उरकतो. त्यांच्या कानशिलाशी एक शीर उडत होती आणि मी ती पाहत होते. शोकसभेत बरं वाटू नये, कुंदा. मला बरं वाटलं. घरी आल्यावरही वाटत राहिलं.

चहाच्या वेळी ते जवळ आले. "सुषमाताई, असलं शोकप्रस्तावात बसत नाही."

"मंजूर झालं, नानासाहेब. तुम्ही उभे होतात."

"अहो, पण पहिल्या पानावर संपादकीय असतं."

"या वेळी तेविसाव्या पानावर असेल. हे घ्या, इथे सही. अध्यक्षांची लागते."

त्यांनी सही केली. मी पेन परत घेतलं, माझं होतं. त्यांना ग्रहावर सोडून आले नाही, तुझं ऐकलं. त्यांचं संपादकीयही छापू. पण एक पान काळं ठेवलं, पूर्ण दोन मिनिटांचं.

हा लेखही त्याच अंकात जाईल. संपादक म्हणून तो त्यांच्या हातून जाणार, म्हणून एक प्रत आधी थेट प्रेसला देणार आहे.

त्या दिवशी खुर्च्या उचलल्यावर मी तुझ्या मिलमधल्या सगळ्यात जुन्या माणसाला गाठलं. विचारलं, टॅग बांधणारा माणूसच नसेल तर काय करता?

"फोन करके पूछते हैं, मॅडम. फिर गेट का रजिस्टर देखते हैं, आदमी बाहर निकला कि नहीं."

"निकला असेल तर?"

"तो शिफ्ट इंचार्ज निकालता है. खुद के हाथ से. सही करके." त्यानं माझ्या पिशवीतल्या रजिस्टरकडे पाहिलं. "यहाँ तो आप ही हुईं."

प्राचीला विचारलं. ती म्हणाली, "मावशी, मले नाही जमणार. आप ही खोलो."

तर हे माझ्याकडे आहे. कामांची यादी केली होती, सभेच्या आदल्या दिवशी. सभागृह झाडून घेणं, झालं. फोटो मोठा करणं, झालं. प्रस्ताव, सही, प्रत, झालं. तुझ्या मिलमध्ये अंक पाठवायचे ते पत्ते, झालं. माइकची वायर कोण बघणार, नाव मिळालं. नंदिनी नगरच्या बाईला तुझा फोटो देणं, झालं.

शेवटची ओळ 'फाइल सोडणे'. प्रेसनं शनिवारपर्यंत कागद मागितलेत, आज गुरुवार. फाइल समोर टेबलावर आहे, कात्री शेजारी आहे. गाठ दुहेरी आहे आणि कार्ड वर आलं आहे, जाड पेनानं लिहिलेलं, खोलीच्या दारातूनही वाचता येतं. कुंदा काम पर है.

त्या ओळीपुढे अजून खूण केलेली नाही.